फूल गिऱ्हाइकाच्या घरी उमललं पाहिजे

आमच्याकडे पुढच्या वर्षाचं पंचांग दिवाळीच्या आधीच येतं आणि आल्या आल्या दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलं जातं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासरे पेन्सिल घेऊन त्यावर खुणा करत बसलेले असायचे, संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नाचे मुहूर्त, कुठला सण कुठल्या वारी येतोय, दोन मुहूर्त लागोपाठ आहेत का. मला वाटायचं हे देवाधर्माचं काहीतरी चाललंय. आता ती पेन्सिल माझ्या हातात आहे आणि ती आमची वर्षभराच्या खरेदीची यादी असते.

कारण फुलाचा भाव फुलावर कमी आणि तिथीवर जास्त ठरतो. जो झेंडू आज वीस-तीस रुपये किलोने कुणी विचारत नाही तोच चार दिवसांनी शंभराच्या वर जातो, फूल तेच, शेतकरी तोच. आणि तिथी तर दरवर्षी हलते. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि गणपती एकदम १९ सप्टेंबरला गेले, २०२५ ला तेच २७ ऑगस्टला. झेंडूची रोपं लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी फूल सुरू होतं, म्हणजे शेतकऱ्यालासुद्धा लागण तिथी मोजूनच करायला लागते, त्यात पाऊस मागेपुढे झाला की सगळं गणित फिसकटतं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, त्यात मुहूर्त नाहीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली लग्नसराई मधेच तुटते, ही खूण मी पंचांग हातात आल्या आल्या केली होती.

दुकान आमचं पुण्यात कोथरूडला, छोटंच आहे, पुढे फुलं आणि मागे एक खोली. हे सगळं त्या मागच्या खोलीबद्दल लिहितेय, कारण पुढचं सगळ्यांना दिसतंच.

दिवस सुरू होतो गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या फुलबाजारात. मी आणि दीर पहाटे चारच्या सुमाराला टेम्पो घेऊन निघतो. सासवड, यवत, नगरकडचं अकोळनेर, असा चहूबाजूंनी माल आलेला असतो, काही शेतकरी रात्रीच येऊन गोण्यांवरच डोकं टेकतात. झेंडू, शेवंती, बिजली, कापरी, अष्टर, सुटी गुलछडी हे सगळं किलोवर, डच गुलाब वीसच्या गड्डीत, जरबेरा दहाच्या. आडत्याच्या, म्हणजे मधल्या दलालाच्या, गाळ्यावर भाव होतो, पण भाव करायच्या आधी माल बघायचा असतो आणि ते डोळ्याने कमी, हाताने जास्त बघतात. सासऱ्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच, झेंडूच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा. वरची फुलं सगळ्यांचीच चांगली असतात. आत ऊब लागली तर तो माल घ्यायचा नाही, कारण ओला झेंडू ढिगात दाबून राहिला की आतून तापतो आणि दुपारपर्यंत काळा पडायला लागतो. वर शिवाय ओल्या मालाचं वजन, म्हणजे पाण्याचे पैसे आपण द्यायचे. गुलाबाची कळी देठाजवळ दोन बोटांत हलकी दाबायची, टणक लागली तर ताजी, पोकळ लागली तर दोन दिवस कुठेतरी पडून आलीय. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या मळकट हिरवट असतात, गिऱ्हाईक म्हणतं ताई हे खराब आहे, पण त्याच पाकळ्यांनी आतलं फूल वाटेत जपलेलं असतं, त्या आम्ही अगदी देताना काढतो. गुलछडीच्या काडीवर खालची दोन-चार फुलं उघडलेली आणि वरच्या कळ्या भरलेल्या हव्यात, सगळी उघडलेली दिसायला सुंदर, पण ती काडी माझ्याच बादलीत संपणार.

आमच्या धंद्यातलं सगळं यातच आलं. फूल माझ्या दुकानात उमलून उपयोग नाही, ते गिऱ्हाइकाच्या घरी उमललं पाहिजे, पूजेच्या वेळी, वरमाला घालताना, संध्याकाळी गजरा माळताना. बाकी आम्ही जे काही करतो ते सगळं या एका वेळेला धरून ठेवायसाठी.

सहाच्या आसपास दुकानात परत आलो की मागच्या खोलीत पाणी. बादल्या रोज घासायच्या, नुसत्या विसळायच्या नाहीत, कारण बुळबुळीत बादलीत जंतू वाढतात आणि तेच देठात शिरून पाण्याची वाट बंद करतात, मग फूल पाण्यात उभं असूनही मान टाकतं. पाण्यात बुडणारी पानं सगळी काढायची. देठ धारदार सुरीने तिरका कापायचा, कात्री बोथट असेल तर देठ चेपतो, आणि गुलाबाचा तर शक्य तेवढा पाण्यातच कापायचा म्हणजे आत हवेचा बुडबुडा अडकत नाही. जरबेराला मात्र चार बोटंच पाणी, त्याचा देठ मऊ आणि लवदार, जास्त पाण्यात कुजतो. गुलाब फ्रिजमध्ये तीन-चार डिग्रीला मस्त राहतो पण तिथेच ऑर्किड किंवा अँथुरियम ठेवलं तर काळं पडतं, ती गरम देशातली झाडं, त्यांना थंडी बाधते. आणि कार्नेशन केळ्यांपासून लांब. शेजारी फळांचं दुकान आहे, पिकलेल्या केळ्यातून जो इथिलीन वायू सुटतो त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात, एकदा मिटली की परत उघडत नाहीत. शेजारचे काका समजूतदार आहेत, केळीचे घड पलीकडच्या भिंतीला टांगतात, त्यांना आम्ही गुरुवारी दत्ताच्या फोटोला हार देतो.

मग आठच्या सुमाराला मावशी येतात. तिघी आहेत, सगळ्यात मोठ्या आक्का सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या. ओवणं हे काम बघायला सोपं आहे पण मला आक्कांच्या निम्म्या वेगाने यायलासुद्धा कितीतरी वर्षं लागली. हाराला लांब सुई, गजऱ्याला सुई नाही, दोऱ्याच्या फासात दोन कळ्या इकडे दोन तिकडे ठेवून गाठ आवळायची, जास्त आवळली तर देठ तुटतो, कमी आवळली तर केसात घातल्या घातल्या फुलं गळतात. दोरा ओला करून घेतात म्हणजे गाठ बसते, आणि त्या ओल्या दोऱ्याने करंगळीच्या बाजूला कापत जातं, वर्षानुवर्षं तिथंच. शेवंती सतत हाताळून बऱ्याच जणींच्या बोटांना खाज सुटते, कातडी फुटते. रात्री कोकम तेल कोमट करून भेगांत भरायचं, दुसरा उपाय आम्हाला तरी सापडला नाही. मोजे घालून गाठ कळत नाही. एखादं गिऱ्हाईक गजऱ्याचे दहा रुपये कमी करा म्हणतं तेव्हा मी भाव कमी करत नाही, कारण ते दहा रुपये फुलातून नाही, या बोटांतून जाणार असतात.

मोगऱ्याचं वेगळंच. त्याची कळी पहाटे, पूर्ण मिटलेली असताना तोडतात आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी उमलते, थांबवता येत नाही, फक्त थोडी लांबवता येते, ओल्या फडक्यात आणि बर्फाजवळ ठेवून. म्हणून गजऱ्याचं काम दुपारच्या आत व्हायलाच लागतं. एप्रिल-मेमध्ये मोगरा भरपूर आणि स्वस्त, आणि थंडीत झाडालाच फूल कमी, आणि नेमकी तेव्हा लग्नं, मग किलोचा भाव हजाराच्या वर जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात लोक विचारतात एवढा महाग का, त्यांना मी सांगते कागडा घ्या, दिसायला छान, स्वस्त, फक्त मोगऱ्याचा वास त्याला नाही. न सांगता मिसळून देणारेही आहेत, आम्ही तसं देत नाही.

आषाढ संपला की श्रावण, आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात कुणी आजारी पडायचं नसतं. सोमवारी बेल, मंगळवारी मंगळागौरीची पत्री आणि गजरे, शुक्रवारी देवीला वेणी, मधे सत्यनारायण. बेलाची पानं तीन दलांची, न फाटलेली, अळीने न खाल्लेली, एकेक निवडायची. हरतालिकेला पुन्हा पत्री. आणि मग गणपती.

गणपतीत फुलांपेक्षा जास्त वेळ दूर्वांत जातो हे बाहेर कुणाला माहीत नसतं. आसपासच्या गावातल्या बायका भल्या पहाटे गवताची ओझी घेऊन येतात, त्यातून कोवळ्या, तीन पात्यांच्या दूर्वा निवडायच्या, एकवीसची जुडी बांधायची, आणि ओल्या फडक्यात ठेवायची. बारदान ओलं करून त्यात दाबून ठेवलं की पिवळ्या पडतात, मोकळ्या ठेवल्या की सुकतात. चतुर्थीच्या आदल्या रात्री मागच्या खोलीत आम्ही सगळे, माझी मुलंसुद्धा, जावसुद्धा, दूर्वाच निवडत असतो, पहाट होते. जास्वंदीची कळी आदल्या संध्याकाळी घ्यायची, मिटलेली, थंडाव्यात ठेवायची, ती सकाळी उमलते आणि त्या दिवसापुरतीच असते. एक दिवसाच्या आयुष्याचं फूल आणि ते नेमकं गणपतीला आवडतं, त्यामुळे साठा करून ठेवायचा प्रश्नच नाही. शमी, केवडा, कमळ, आघाडा, गौरींना तेरडा, हे सगळं ज्याचं त्याने सांगून ठेवलेलं असतं, वहीत घराघराची नावं आणि पुढे काय काय. काही घरांची तर यादी मला पाठ आहे, त्यांच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्याच्या हेही माहीत आहे. मंडळांचे मोठे हार मात्र आम्ही एक-दोनच घेतो, चार-पाच फुटी हार ओवायला दोघी दिवसभर बसतात आणि मग घरगुती गिऱ्हाइकाला फुलं कमी पडतात, ते मला पटत नाही.

अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष. माका, तुळस, थोडी पांढरी फुलं, बस. त्या पंधरा दिवसांत मावशी गावाला जाऊन येतात, आम्ही खोलीला चुना मारतो, सुऱ्यांना धार लावतो.

घटस्थापनेपासून पुन्हा माळा, नऊ दिवस रोज एक, वाढत्या, आणि शेवटी दसरा. दसरा हा झेंडूचा दिवस आणि तो सगळा चोवीस तासांत होतो, आदल्या दुपारपासून दसऱ्याच्या दुपारपर्यंत. त्यानंतर झेंडूला कुणी विचारत नाही. त्या दिवशी शेतकरीही थेट रस्त्यावर बसून विकतात, आणि त्यांनी बसावंच, आम्हाला त्याचा राग येत नाही, वर्षभर आडत आणि हमाली देऊन जे हातात पडतं त्यापेक्षा एक दिवस तरी सरळ पैसे मिळू देत. पण दुपारी बारानंतर काय होतं ते मी दरवर्षी बघते. भाव आधी निम्मा होतो, मग 'कितीही द्या', आणि संध्याकाळी गाडीभाड्याचेही पैसे सुटणार नाहीत म्हणून फुलं तिथंच रस्त्याच्या कडेला टाकून माणसं गावाला परत जातात. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता आणि सप्टेंबरभर राज्यात अतिवृष्टी झालेली, गोणीमागून गोणी भिजलेली, हात घातला की ऊब. चांगला कोरडा माल थोडा आणि तो अर्थातच महाग. आम्ही मागच्या खोलीत प्लास्टिक अंथरून, पंखे लावून फुलं पातळ पसरली, दर दोन तासांनी उलथली, काळी पडलेली वेचून बाजूला काढली. त्या वर्षी तोरणं आम्ही थोडी बारीक केली आणि आंब्याची पानं जास्त लावली, आणि तसं सांगून विकली. एका यवतकडच्या शेतकरीदादाने सांगितलं की त्यांचा अर्धा प्लॉट पाण्यातच बसला. त्यांच्याकडून जेवढा निवडून निघाला तेवढा माल आम्ही ठरल्या भावाने घेतला, कमी केला नाही.

आपट्याच्या पानांबद्दल पण सांगायचंय. बाजारात आपटा म्हणून जे ढीग येतात त्यात कांचनाची पानं बरीच असतात, दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही दुभंगलेली, कांचनाचं पान मोठं, आपट्याचं लहान आणि जाडसर. आणि तोडणारे फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणतात. गेली काही वर्षं आम्ही पानांचे गठ्ठे ठेवणं बंद केलंय, पूजेपुरती चार-पाच पानं मागितली तर देतो.

तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं. इथे वेळेचं गणित सगळ्यात कडक लागतं. लिलियमची कळी मिटलेली येते आणि पूर्ण उघडायला दोन-तीन दिवस घेते, म्हणजे रविवारचं लग्न असेल तर गुरुवारीच माल आणून खोलीत बाहेर ठेवायचा, आणि उघडताना आतले परागकोश चिमटीने काढायचे, नाहीतर त्याची पिवळी-तपकिरी पूड नवरीच्या शालूवर पडली तर निघत नाही. ऑर्किड बहुतेक थायलंडहून येतात, प्रत्येक काडीच्या टोकाला पाण्याची छोटी नळी असते, ती शेवटपर्यंत काढायची नाही. वरमालेतला गुलाब अर्धा उमललेला हवा, पूर्ण उमललेला असला तर हार गळ्यात पडताना पाकळ्या सांडतात. हॉलवाले आदल्या रात्रीचं रिसेप्शन आटोपल्यावर म्हणजे बारा-एक वाजता ताबा देतात, आणि सकाळी सातला मुहूर्ताआधीचे विधी, तेवढ्यात मंडप उभा करायचा. स्टेजला आम्ही आता फुलं खोचायचा तो हिरवा फोम शक्यतो वापरत नाही, तो कुजत नाही, चुरा होऊन मातीत पाण्यात जातो, त्याऐवजी तारेची जाळी आणि मागे पाण्याच्या नळ्या. काम दीडपट होतं. एका मोठ्या कार्यालयाच्या ठेकेदाराने आमचे सीझनचे पैसे अडवून ठेवले होते, शेवटी पूर्ण मिळालेच नाहीत, तेव्हापासून अर्धे आधी घेतल्याशिवाय आम्ही माल उचलत नाही, नातेवाईक असला तरी.

मधे मार्गशीर्षातले गुरुवार येतात, पाच झाडांच्या डहाळ्या, वेणी, फुलं असा वाटा बांधून ठेवायचा, बायका ऑफिसला जाता जाता सकाळी सातलाच नेतात.

आणि फेब्रुवारी. १४ तारखेचा गुलाब हा डिसेंबरात ठरतो. तळेगाव दाभाडे आणि मावळात पॉलिहाऊसमध्ये शेतकरी डिसेंबरमध्ये झाडांची छाटणी करतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत एकदम बहर येतो. थंडी जास्त पडली तर कळी उशिरा धरते, कमी पडली तर आधीच फुलते आणि परदेशी जाणारा माल चुकतो. ताजमहाल, टॉप सिक्रेट या लाल जातींचा लांब देठाचा चांगला माल आधी एक्स्पोर्टला, मग दिल्ली-मुंबईला, आणि मग आमच्याकडे. त्या आठवड्यात कॉलेजची मुलं एकेक गुलाब घ्यायला येतात. मला ती आवडतात. खिशात पैसे मोजून, लाजत, नीट निवडून घेतात, त्यांना मी टणक कळी देते आणि सांगते की घरी गेल्यावर देठ परत कापायला सांग, चार-पाच दिवस राहील.

हे सगळं पंचांगात लिहिलेलं. एक काम लिहिलेलं नसतं, ते फोनवर येतं, बऱ्याचदा अपरात्री. कुणीतरी गेलं. तेव्हा दीर शटर उघडतो, मी सोबत जाते, जे असेल ते, गुलछडी, पांढरी शेवंती, त्याचा हार करतो, पुष्पचक्र हवं असेल तर गवताच्या कड्यावर. त्या हारात सुद्धा शिळं फूल घालायचं नाही हा सासऱ्यांचा नियम आणि तो आम्ही मोडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा त्यांचा हार आक्कांनी ओवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

२०२० चं तर सांगायलाच हवं. गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि लॉकडाऊन सुरू झाला तो त्याच दिवशी. शेतकऱ्यांनी पाडव्यासाठी राखलेला झेंडू आणि शेवंती शेतात उभी, बाजार बंद, गाड्या बंद, देवळं बंद, पुढची सगळी लग्नं बंद. ओळखीच्या शेतकऱ्यांचे फोन यायचे, ताई काय करू, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बऱ्याच जणांनी उभ्या पिकात रोटर फिरवून ते मातीत गाडलं. गुलाबवाल्यांना तर तेही जमत नाही, झाड बहुवर्षी असतं, त्यामुळे रोज फुलं तोडून फेकायला मजूर लावायचा, फेकायला सुद्धा पैसे मोजायचे. मावशींना आम्ही जमेल तेवढे पैसे देत राहिलो. गणपतीत घरपोच दूर्वा-फुलं द्यायला सुरुवात केली, तो धंदा आजही चालूये.

त्या संकटातून शेतकरी उठला, पण आता जे चाललंय त्याची मला जास्त काळजी वाटते. कार्यालयांच्या स्टेजवर, मंडळांच्या मखरात, अगदी घरच्या दारावरसुद्धा प्लास्टिकची फुलं आलीत. एकदा घेतली की पाच वर्षं तीच, धूळ झटकून. विधानसभेत २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात हा विषय निघाला, बंदीची मागणी झाली, शेतकरी कोर्टातही गेलेत. पण कायदा होईल तेव्हा होईल. एका खऱ्या फुलांच्या स्टेजमागे लावणारा, तोडणारा, गोणी वाहणारा, आडत्या, टेम्पोवाला, ओवणाऱ्या मावशी, रात्रभर मंडप बांधणारी पोरं एवढी घरं असतात, आणि दुसऱ्या दिवशी ती फुलं खतात जातात. प्लास्टिकच्या स्टेजमागे गोडाऊन असतं.

तर घरात लग्न ठरलं असेल तर हॉलवाल्याकडच्या डेकोरेशनच्या कागदावर 'ताजी फुलं' असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'फ्लॉवर डेकोरेशन' लिहिलेलं असेल तर काहीही लावतात. बजेट कमी असेल तर तसं सांगा, आम्ही ऑर्किड सोडून झेंडू, अष्टर, गुलछडीत करून देतो, सीझनचं फूल घेतलं तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो. तारीख मात्र महिनाभर आधी कळवा. मला पंचांगावर खूण करायला लागते.